फोड येऊ नये म्हणून

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून मी निघाले तेव्हा माझ्या नव्या जाकिटाच्या खांद्यावर टूथपेस्टचा पांढरा पट्टा होता. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्या बाईनं आधी तो निरखून बघितला, मग मला. तिला काय सांगणार, कपाळ? निघायच्या गडबडीत आईनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण नुसत्या हातानं उचललं, वाफेनं मनगट पोळलं, त्यावर तिनं टूथपेस्ट थापली आणि तोच हात माझ्या गळ्यात टाकून रडली. दारात गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, अर्धी गल्ली बाहेर आलेली, तालमीतली पोरं बॅगा टपावर चढवतायत. आई एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं माझ्या तळहातावर दही घालतेय. आमची खानावळ. जेवायला आलेली पोरं आत ताटावर बसलेली. त्यातलाच कुणीतरी आतून ओरडला, "मावशी, आमटी." आई रडत रडत आत आमटी वाढायला गेली आणि तेवढ्यात गाडी हलली. निरोप असा अर्धाच झाला.

तुम्ही जे पेठेतच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन पडलात, दोघांनाही हे सांगावंसं वाटतंय. काही शिकवायला म्हणून नाही. मलाच त्यातलं नीट कळलेलं नाही, म्हणून. भाजलं तर काय करायचं, एवढी साधी गोष्ट. पण ती साधी गोष्ट घेऊन मी आईशी असं काही बोलून बसले, की त्यानंतर कितीतरी दिवस मी बरोबर होते की चूक, हेच मला समजेना. अजूनही पुरतं समजलंय असं नाही.

आमच्या खानावळीत चटका म्हणजे सर्दीपडशासारखी गोष्ट. रोज कुणाला तरी व्हायचाच. आईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग, काही जुने काळे, काही नवे गुलाबी. त्याचं औषध ठरलेलं. पहिली गोष्ट म्हणजे पाणी अजिबात लावायचं नाही. "पाणी लावू नको, फोड येईल," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की पाढ्यांच्या आधी मला ते पाठ असेल. बोट भाजलं की ते उलट तव्याच्या जवळ धरून शेकायचं, म्हणजे आग आगीनं मरते. मग टूथपेस्ट. टूथपेस्ट संपली असेल तर हळद आणि तेल. शिरोळच्या मामाकडनं काकवी आलेली असली तर काकवी. एकदा तर माझ्या भावानं, विकासनं, कंपासपेटीतली शाई ओतून घेतली होती आणि आठवडाभर निळा हात घेऊन शाळेत मिरवत होता. आणि गंमत म्हणजे आम्ही सगळे बरे व्हायचो. कशानं बरे व्हायचो ते देव जाणे.

लग्नानंतर अभयच्या नोकरीपायी आम्ही इंग्लंडात, लीड्सला आलो. घरी बसून मला करमेना म्हणून मी एका शाळेच्या किचनमध्ये कामाला लागले. आण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर पोट धरून हसले. म्हणाले, खानावळीतनं सुटाय एवढ्या लांब गेलीस आणि शेवटी खानावळीतच जाऊन बसलीस की. खरंच होतं ते. फक्त इथं पातेल्याऐवजी ट्रे, चुलीऐवजी ओव्हन, आणि "मावशी, आमटी" म्हणणारं कुणी नाही. पोरं रांगेत उभी राहून 'प्लीज' म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात ओव्हनचा ट्रे हाताला चाटून गेला. मी सवयीनं काय केलं असेल? पाण्यापासून लांब पळाले आणि टूथपेस्ट कुठं मिळेल म्हणून बाथरूमकडं निघाले. आमची मुख्य स्वयंपाकीण मार्गारेट, चांगली दांडगी बाई, तिनं मला दंडाला धरून ओढत आणलं आणि माझा हात नळाखाली धरला. वीस मिनिटं, म्हणाली. मला वाटलं चेष्टा करतेय. वीस मिनिटं नळ धो धो सोडायचा? आमच्या पेठेत पाणी सकाळी येतं, तेव्हा जे काय बॅरल, कळशा, पातेली भरून घ्याल ते दिवसभर पुरवायचं. धुणं धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. माझ्या हाताची आग राहिली बाजूला, ते चांगलं स्वच्छ पाणी वाया जाताना बघूनच माझा जीव तळमळायला लागला. मी हळूच दुसऱ्या हातानं नळ बारीक केला. मार्गारेटनं परत सोडला. मी परत बारीक केला. शेवटी ती वैतागली आणि माझ्या दुसऱ्या हातात चहाचा कप देऊन मोकळी झाली.

पुढं नोकरीचाच भाग म्हणून फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालं. शिकवणारा माणूस शांत होता. भाजलं किंवा पोळलं की ताबडतोब साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको. तूप-लोणी नको, टूथपेस्ट नको, काहीच थापू नका. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या सूज यायच्या आत काढा. मग स्वच्छ क्लिंग फिल्म सैल घाला, म्हणजे आपण उरलेल्या अन्नावर घालतो तो पातळ प्लास्टिकचा कागद. फोड आला तर फोडू नका. भाजलेलं मोठं असेल, तोंडावर, हातावर, सांध्यावर असेल, तर डॉक्टरला दाखवा. मी हात वर करून विचारलं, पाण्यानं फोड येतो ना? तो नाही म्हणाला. फोड भाजण्यानं येतो, पाणी उलट आतली आग थांबवतं. टूथपेस्टचं निघालं तेव्हा वर्गातल्या दोघी हसल्या. मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू. तो माणूस खरं सांगतोय हे कळत होतं, तरी माझ्या आईच्या बाजूनं भांडावंसं वाटत होतं. आणि भांडायला मुद्दा काय, तर आम्ही बरे व्हायचो, एवढाच.

"फोड आला तर फोडू नका." हे मी मनात मराठीत करून घेतलं आणि एकटीच हसले. आपल्याकडं एकाच शब्दात दोन्ही. इंग्रजीत ही मजा नाही. तेव्हा मला काय ठाऊक, हाच शब्द पुढं माझ्या अंगावर येणार आहे.

सुट्टीला घरी गेले तेव्हा आईला सगळं समजावलं. ती भाकऱ्या थापत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली की तिकडं नळाला पाणी असतंय, तुम्हाला परवडतंय. क्लिंग फिल्मचं ऐकून तर तिनं हसत तोंडाला पदर लावला. उरलेली भाकरी गुंडाळायचा कागद हाताला गुंडाळतात, हे तिनं दुपारपर्यंत गल्लीभर केलं. आण्णा गल्ल्यावर बसून मान डोलवत होते. त्यांना त्याच्या आदल्या वर्षी हार्टचा त्रास होऊन स्प्रिंग बसवली होती, तेव्हापासून आईनं त्यांना स्वयंपाकघरात पाय टाकू दिलेला नव्हता. त्यांचं खाणं, रस्त्यानं चालताना त्यांना लागणारी धाप, त्यांचा आवाज, सगळ्यावर तिचा डोळा. सोमवारचा उपास वाढवला, हातातला हिरवा चुडा भरगच्च केला. कासाराकडनं बांगड्या भरून घेताना अगदी घट्ट माप घ्यायची. सैल बांगडी उतरती, म्हणायची. मी म्हणलं, आई, रक्त थांबेल हाताचं. ती म्हणाली, थांबू दे.

आणि मग तो दिवस. मी शाळेत डबा खात होते, तिकडं संध्याकाळच्या जेवणाची तयारी चाललेली. विकासचा व्हिडिओ कॉल आला. कामाच्या वेळेला तो कधी करत नाही. आईनं भाताच्या मोठ्या पातेल्यातलं पाणी काढताना फडकं निसटलं आणि उकळती पेज डाव्या मनगटावर आली होती. मागं आई दिसत होती, हात तव्याजवळ न्यायला निघालेली.

मी डबा तसाच टाकला आणि ओरडायला लागले. पाण्यात, पाण्यात घाल हात, शेकू नको. विकास बिचारा धावला, पण नळाला थेंब नाही. मी म्हणलं, बॅरलमधलं बादलीत घे, हात बुडव, तांब्यानं वरनं ओत. आई म्हणतेय, पाणी सांडू नको, उद्या पाणी न्हाई. हाताची कातडी लालबुंद झालीय आणि ही पाण्याचा हिशेब मांडतेय. राग आला आणि हसू पण आलं, कारण मीही तीच. शेवटी कसंबसं तिनं हात बादलीत घातला. माझ्या ओरडण्यामुळं असेल किंवा आग सोसवेना म्हणून असेल. चेहरा जरा सैल झाला. म्हणाली, गार वाटतंय गं. तेवढ्या शब्दानं मला केवढं बरं वाटलं. एवढ्या लांबून आपण त्या घराच्या काहीतरी उपयोगी पडलो, ही भावनाच मला कित्येक वर्षांत झाली नव्हती.

मग मला बांगड्या दिसल्या. विकासनं फोन जवळ नेला होता. मनगट फुगायला लागलेलं आणि हिरव्या काचेच्या बांगड्या त्यात रुतत चाललेल्या. मी म्हणलं, काढ त्या आधी. आईनं ओढून बघितल्या, हलेनात. साबण लाव म्हणलं. साबणानं पण जाईनात, आधीच घट्ट माप. ट्रेनिंगमधलं सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं, सूज, रक्त थांबणं, बोटं काळी पडणं. आणि दिवसभर इंग्रजीत बोलून बोलून बोथट झालेल्या माझ्या जिभेवर जो शब्द पहिला आला तो मी फेकला.

"मग फोड की आई. फोड त्या बांगड्या."

तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्यात बांगड्या फुटतात कधी, आणि बायकांच्या कोणत्या वेळी फोडतात. साधी एक बांगडी भांड्याला लागून तडकली तरी आपण वाढवली म्हणतो. कुंकू पुसलं म्हणत नाही, दिवा विझला म्हणत नाही. हे काय मला माहीत नव्हतं? आईच्याच हाताखाली वाढलेय मी.

आईनं बादलीतनं हात काढला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच बोलली.

"सुजे, तुझा बा समोर बसलाय."

आणि स्क्रीन काळी झाली. मी परत लावला, उचलला नाही. परत लावला, बंद. आमच्या किचनमधल्या स्टीलच्या टेबलाशी मी उभी, पुढ्यात अर्धा डबा, आणि डोळ्यांतून पाणी. मार्गारेटनं विचारलं, काय झालं? आता तिला काय सांगू आणि कसं? माझ्या आईचा हात भाजलाय, आणि मी तिला बांगड्या तोड म्हणाले. ती म्हणाली, मग बरोबर सांगितलंस की. हो, बरोबरच सांगितलं होतं. संध्याकाळी अभयही हेच म्हणाला, उलट वर म्हणाला, हे असले जुने समज कुठवर चालायचे. मी त्याला असं काही सुनावलं की तो गपचूप भाजी चिरायला लागला. खरं तर त्याचं चुकलं नव्हतं. पण माझ्या आईला जुनाट म्हणायचा हक्क कुणाला आहे? मला पण नाही. किंवा फक्त मलाच आहे. तोच तर सगळा घोळ.

सगळ्यात वाईट हे की आईनं हात पाण्यातून काढला होता. तिनं परत घातला का, हे मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या एका शब्दानं मी तिला पाण्यातून उठवलं असेल आणि बांगड्या तशाच रुतत राहिल्या असतील, तर? जे वाचवायला गेले तेच मी मोडून ठेवलं असेल तर?

पुढचं विकासनं व्हॉईस मेसेजवर सांगितलं, ते असं. आई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकून बसली. हात तसाच. विकास पाण्यात घाल म्हणतोय, ती ऐकत नाही. तेव्हा आण्णा गल्ल्यावरनं उठले. त्या स्वयंपाकघरात कितीतरी महिन्यांनी पाय टाकला त्यांनी. आईचा हात धरून परत बादलीत घातला आणि स्वतः खाली बसून तांब्यानं पाणी ओतायला लागले. पार्सलला लागतात त्या पातळ पिशव्यांमधली एक घेतली, आईच्या पंजावर चढवली, कासार चढवतो तशी, आणि एकेक बांगडी तिच्यावरनं सरकवून काढली. सगळ्या निघाल्या. एक राहिली, अगदी रुतलेली. आई म्हणाली, ऱ्हाऊ दे ही. तर आण्णांनी बांगडीखाली ओला रुमाल सारला, पक्कड आणायला लावली आणि म्हणाले, "मी जिता हाय न्हवं? मग माझ्या हातानंच वाढवतो की."

आणि वाढवली. आई रडत होती, पण हात पाण्यात होता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात धरलात ते बरं केलंत, नाहीतर खोलवर गेलं असतं. मलम दिलं, पट्टी बांधली. फोड एक आला, पैशाएवढा. तो आईनं फोडला नाही, हे विकासनं मुद्दाम सांगितलं.

तो मेसेज मी किती वेळा ऐकला असेन. आण्णांचा आवाज त्यात नव्हता, विकास नुसता सांगत होता, तरी मला तो ऐकू यायचा. आनंद व्हायचा आणि लगेच टोचायचं. आण्णांनी जे सोपं केलं ते मला का सुचलं नाही? तो एक शब्द मला का आठवला नाही? परदेशात राहून राहून मी भाषा विसरले म्हणावं, तर मी रोज मराठी बोलते. फक्त इथं भाषेतल्या भीती लागत नाहीत. इथं कुणाच्या हातात चुडा नाही आणि कुणाचा नवरा बांगडीच्या काचेवर जगत नाही. मग मला ते बरं वाटतं का? वाटतं. आणि मग तसं वाटल्याचं वाईट वाटतं. असं हे आहे. तुमच्यापैकी जे गेलेत त्यांना कळेल. जे राहिलेत त्यांनी रागवू नका.

आई बरेच दिवस बोलली नाही. फोन आण्णा घ्यायचे, हात बरा हाय म्हणायचे, तुझी आई भाकरीला बसलीय म्हणायचे. मागून तिच्या हालचालीचा आवाज यायचा, पण बांगड्यांचा यायचा नाही. तो आवाज नसलेलं आमचं घर मी जन्मात ऐकलं नव्हतं. पट्टी आहे म्हणून नाही भरल्या, आण्णा सांगायचे. मला मात्र तो आवाज माझ्यामुळं बंद झालाय असं वाटायचं. लोक विचारतात, घर कुठलं तुमचं? पूर्वी मी कोल्हापूर म्हणायचे आणि पुढं लगेच लीड्स म्हणायचे. त्या दिवसांत कुठलंच नाव तोंडातून निघेना. इथल्या घरात बरोबर बोलले तरी कुणाला काही होत नव्हतं. तिथल्या घरात चुकीचं बोलले तर एवढं होत होतं.

मग एका रविवारी आईचाच कॉल आला. व्हिडिओ. फोन कसा धरायचा ते तिला येत नाही, त्यामुळं आधी छत दिसलं, मग कपाळ, मग हात. मनगटावर गुलाबी डाग आणि त्याच्यावर हिरव्या नव्याकोऱ्या बांगड्या. मी माफी मागायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यं तयार होती. तिनं मला बोलूच दिलं नाही. पाऊस किती, शाळेतली पोरं कशी, तू वाळलीस का, असलं सगळं विचारून झालं. मग हात फोनसमोर धरून जोरात हलवला. बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या, पार बोटांच्या मुळापर्यंत आल्या आणि परत वर गेल्या.

मी म्हणलं, आई, केवढ्या सैल. तू तर घट्ट भरायचीस.

"एक माप मोठ्या घेतल्यात," ती म्हणाली. "नुसता हात झटकला की निघत्यात. परत कधी भाजलंच, तर तुला तसलं बोलाय लागू नये."

तेवढ्यात आतून कुणीतरी आमटी मागितली आणि ती फोन तसाच टेबलावर ठेवून गेली, बंद न करता.